कर्नल साइक्स आणि पुण्याच्या मुंग्या

जुन्नर तालुक्याच्या वेशीवरील हरिश्चंद्रगडावर पावसाळी धुक्यात कधीकधी पूर्ण गोल इंद्रधनुष्य उमटते आणि पाहणाऱ्याची सावली त्याच्या मधोमध पडते. या इंद्रवज्राचे वर्णन कर्नल साइक्सने १८३५ मध्ये प्रसिद्ध केले, हे डोंगरभटक्यांना पाठ असते. त्याच वर्षी साइक्सने पुण्यातील आपल्या घरच्या मुंग्यांवरही तितक्याच गांभीर्याने एक निबंध प्रसिद्ध केला होता. त्याची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही.

विल्यम हेन्री साइक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० चा. वयाच्या चौदाव्या वर्षी तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात दाखल झाला. १८१७ च्या खडकीच्या लढाईत तो पेशव्यांच्या विरुद्ध बाजूला होता. पेशवाई बुडाल्यानंतर नव्या राज्यकर्त्यांना मुलखाचा हिशेब हवा होता. गावे किती, माणसे किती, जमीन कोणाची, भाव काय, पाऊस किती, ही सारी माहिती गोळा करण्यासाठी गव्हर्नर एल्फिन्स्टनने १८२४ मध्ये साइक्सची नेमणूक केली. हेतू अर्थातच महसुलाचा होता. पण तंबू, तापमापक आणि वायुभारमापक घेऊन दख्खन पालथा घालणाऱ्या या अधिकाऱ्याची नजर केवळ सारावसुलीवर थांबणारी नव्हती.

१८२८ च्या उन्हाळ्यात तो नाणेघाटात पोहोचला आणि तेथील लेण्यातील शिलालेख अभ्यासकांच्या जगाला ठाऊक झाले. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील लेखही त्याने पुढे प्रसिद्ध केले. सह्याद्रीच्या दाट रानातील मोठ्या खारीला त्याने १८३१ मध्ये एल्फिन्स्टनचे नाव दिले. आंबेगाव आणि खेड तालुक्यांच्या डोंगरांतील भीमाशंकर अभयारण्य ज्याच्यासाठी ओळखले जाते, तो हा शेकरू. ओढ्याकाठी मान आखडून बसणाऱ्या वंचक बगळ्याचे शास्त्रीय वर्णनही त्याचेच. नदीतील माशांना त्याने मच्छीमारांच्या तोंडची नावे ठेवली. महसीर माशाच्या एका जातीच्या शास्त्रीय नावातील ‘खुद्री’ हा शब्द असाच आला.

मुंग्यांची गोष्ट घरातली. साइक्सच्या पुण्यातील निवासस्थानी जेवणघराच्या व्हरांड्यात एका छोट्या टेबलावर फळे, केक आणि मुरंबे ठेवलेले असत. मुंगळे चढू नयेत म्हणून टेबलाचे चारही पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवले होते आणि टेबल भिंतीपासून इंचभर दूर सरकवले होते. हा उपाय आजही कितीतरी घरांत होतो. काही दिवसांनी मुंगळे पाणी ओलांडून वर पोहोचले. रोज शेकडो मारले, तरी संख्या घटेना. तेव्हा टेबलाच्या पायांना टर्पेंटाइनचे कडे रंगवण्यात आले. थोडे दिवस शांतता लाभली आणि पुन्हा गोडावर मुंगळे दिसू लागले. ते येतात कोठून, हे कळेना. अखेर एके दिवशी येताजाता साइक्सच्या लक्षात आले, की मुंगळा भिंतीवर चढतो, टेबलाच्या वर सुमारे फूटभर उंचीवर जातो आणि तेथून खालच्या कापडावर अंग टाकतो. एकामागून एक सारे तेच करत होते. दुसऱ्या कोणी नोकराला बोलावून भिंत पुसून घेतली असती. साइक्सने या मुंगळ्यांना ‘अथक’ या अर्थाचे लॅटिन नाव देऊन टाकले.

दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे आहे. मुंगी धान्य साठवते, हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असते, जुन्या ग्रीक आणि हिब्रू ग्रंथांतही ते आहे. पण युरोपातील विद्वानांना थंड हवेतील वारुळे उकरून त्यांत धान्य सापडले नाही. प्राचीनांनी मुंग्यांचे कोष पाहिले आणि त्यांनाच दाणे समजले, असा निष्कर्ष त्यांनी काढला. उष्ण देशांतील मुंग्या नीट पाहिल्याखेरीज निकाल देऊ नये, एवढी सावधगिरी कर्बी आणि स्पेन्स यांच्या कीटकशास्त्राच्या ग्रंथाने तेवढी बाळगली होती.

जून १८२९ मध्ये सकाळच्या फेरफटक्यात साइक्सला पुण्याच्या परेडच्या मैदानाजवळ पडीक जमिनीवर गवताच्या बियांच्या वीसेक ढिगल्या दिसल्या. प्रत्येकी मूठभर. वरीच्या जातकुळीतले ते रानगवत जानेवारी-फेब्रुवारीत पिकते. म्हणजे हे बी तेव्हापासून जमिनीखाली साठवलेले असणार. पहिल्या पावसात कोठार भिजले आणि ऊन पडताच शेकडो मुंग्या ते वाळवायला वर आणत होत्या. एवढ्यावर त्याने घाई केली नाही. ऑक्टोबरात परतीच्या वादळी पावसानंतर त्याने तेच काम पुन्हा चाललेले पाहिले. या मुंगीला त्याने ‘पुढची तरतूद करणारी’ अशा अर्थाचे नाव दिले.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, डिसेंबर १८२९ मध्ये, सरकारने साइक्सचे पदच रद्द केले. लष्करी कामातून रजा घेऊन त्याने पाहणी पूर्ण केली आणि १८३१ मध्ये मायदेश गाठला.

मुंग्यांवरील निबंधात तिसरीही एक जात होती. शेणाचे पापुद्रे कौलांसारखे एकावर एक रचून झाडावर घर बांधणाऱ्या या मुंगीला त्याने कर्बीचे नाव दिले. दख्खनच्या रानातील टसर रेशमाच्या किड्यावरही त्याने १८३४ मध्ये लिहिले. त्याच्या चिवट कोशाची लांब पट्टी कापून मराठे तोड्याच्या बंदुकीची नळी दस्त्याला बांधत, ही नोंद त्यातली.

पुढे साइक्स कंपनीचा अध्यक्ष झाला, अॅबर्डीनचा खासदार झाला. १६ जून १८७२ रोजी त्याचे लंडनमध्ये निधन झाले. पुढच्याच वर्षी जॉन मॉग्रिज या तरुण इंग्रजाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. दक्षिण फ्रान्समधील मेंतोन येथे मुंग्यांची बिळे उकरून त्याने बियांची कोठारे प्रत्यक्ष दाखवली होती. साइक्सच्या पुण्यातील नोंदीचा त्यात उल्लेख आहे.