लोहाराच्या पोराचं इंजिन

होंडाची गाडी आपल्याकडं वाडी-वस्तीवर आहे, पण हे होंडा कोण? सोइचिरो होंडा, जन्म 1906, जपानात हमामात्सुजवळच्या खेड्यातला. वडील लोहार, सायकलीही दुरुस्त करायचे. पंधराव्या वर्षी पोरगा टोकियोच्या गॅरेजात कामाला लागला. पुढं पिस्टन रिंगा बनवायला घेतल्या. सुरुवातीला जमेनात. धातूचं ज्ञान कमी पडतंय हे ओळखून गडी तिशीत तंत्रशाळेत जाऊन बसला. त्यानंतरही टोयोटाला 50 दाखवल्या, पास झाल्या फक्त 3! शेवटी रिंगा जमल्या. मग युद्धानं आणि भूकंपानं कारखान्याची वाट लावली. 1946 ला लष्कराची उरलेली छोटी इंजिनं सायकलींना बसवून विकली, 1948 ला कंपनी काढली.

1973 ला ते निवृत्त झाले. त्यांच्या हयातीतच, 1989 ला, कंपनीच्या इंजिनिअरांनी व्हीटेक आणलं. इंजिन हळू चालताना व्हॉल्व्ह कमी उघडलेला बरा, पळवताना हवा जास्त लागते. म्हणून कॅमवर लहान-मोठे दोन्ही लोब ठेवले. वेग वाढला की ऑइलच्या दाबानं पिन सरकते, रॉकर एकमेकांत अडकतात आणि मोठा लोब व्हॉल्व्ह जास्त अन् जास्त वेळ उघडतो. सगळा खेळ ऑइलवर. ते काळं होईस्तोवर गाडी हाणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

5 ऑगस्ट 1991 ला होंडा वारले.