दोन अंकांचा उपासक

इ. स. १६१८ पासून तीस वर्षे जर्मनीची भूमी युद्धाच्या वणव्यात होरपळत होती. गावे ओस पडली, शेते उजाड झाली, हजारो कुटुंबे देशोधडीला लागली. हे युद्ध संपावयास दोन वर्षे उरली असताना, १ जुलै १६४६ रोजी, लायपझिग नगरात गॉटफ्रीड विल्हेल्म लायब्निट्स याचा जन्म झाला. त्याचे वडील तेथील विद्यापीठात नीतिशास्त्राचे प्राध्यापक होते. मुलगा सहा वर्षांचा असतानाच ते वारले. धनदौलत त्यांनी फारशी ठेवली नाही. परंतु त्यांचा ग्रंथसंग्रह मात्र मोठा होता आणि तोच या पोरक्या मुलाचा खरा गुरू ठरला.

त्या काळी विद्वानांचे सारे ग्रंथ लॅटिन भाषेत असत. लहानग्या लायब्निट्सच्या हाती रोमच्या इतिहासाचे एक सचित्र पुस्तक लागले. भाषा येत नव्हती, पण चित्रे दिसत होती. चित्राखालची ओळ आणि वरचे चित्र यांची सांगड घालीत, न कळलेला भाग सोडून पुढे जात आणि पुन्हा मागे येत तो ती भाषा आपली आपणच शिकला. पुढे वडिलांच्या ग्रंथालयाची कवाडे त्याच्यासाठी उघडली आणि वाचनाला सीमाच उरली नाही. चौदाव्या वर्षी तो विद्यापीठात दाखल झाला. विसाव्या वर्षी कायद्याची सर्वोच्च पदवी घेण्याइतकी त्याची तयारी झाली होती. परंतु लायपझिगच्या विद्यापीठाने त्याला ती दिली नाही. तेव्हा त्याने जन्मगाव सोडले आणि आल्टडॉर्फ येथील विद्यापीठात आपला प्रबंध सादर केला. तेथे १६६७ मध्ये त्याला पदवी मिळाली. प्राध्यापकाची जागाही देऊ करण्यात आली होती, पण ती त्याने स्वीकारली नाही. एका वर्गाच्या चार भिंतींत मावणारी ती बुद्धीच नव्हती.

माइन्झ येथील अधिपतीच्या पदरी राहून १६७२ मध्ये तो राजकारणाच्या कामासाठी पॅरिसला गेला. राजकारण बाजूलाच राहिले. पण हॉयगेन्स या थोर शास्त्रज्ञाच्या सहवासात त्याला गणिताचा छंद जडला. त्यापूर्वी पास्कल या फ्रेंच गणितज्ञाने बेरीज-वजाबाकी करणारे यंत्र बनविले होते. गुणाकार आणि भागाकारही करील असे यंत्र रचण्याचा लायब्निट्सने ध्यास घेतला. बुद्धिमान माणसांनी आकडेमोडीत आयुष्य झिजवावे, हे त्याला पटत नसे. १६७३ मध्ये त्याने आपल्या यंत्राचा अपुरा नमुना लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला आणि त्याच वर्षी तो तिचा सभासद झाला. यंत्राची कल्पना उत्तम होती. पण पितळेची चाके तिला नीट साथ देईनात. विशेषतः हातचा पुढे नेण्याच्या कामी ते यंत्र अडखळे. ९९९ मध्ये १ मिळविला म्हणजे हातचा एका घरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात धावत जातो. माणसाला जे सहज जमते ते चाकांना जमविताना कारागीर थकून जात. या यंत्रावर त्याने कित्येक वर्षे श्रम केले आणि पदरचा बराच पैसा ओतला.

१६७६ मध्ये तो हॅनोव्हरच्या ड्यूकच्या सेवेत रुजू झाला व अखेरपर्यंत तेथेच राहिला. पॅरिसमध्ये असतानाच त्याने कलनशास्त्राचा शोध लावला होता. इंग्लंडमध्ये न्यूटननेही स्वतंत्रपणे तोच शोध लावला होता, आणि त्यावरून पुढे फार कटू वाद माजला. तो इतिहास मोठा आहे आणि तुम्ही तो वरच्या वर्गात वाचालच. येथे आपणांस पाहावयाचे आहे ते त्याचे एक लहानसे, साधे काम. त्याच्या हयातीत त्याचे चीज झाले नाही.

१५ मार्च १६७९ या तारखेच्या एका टिपणात लायब्निट्सने एक नवीच अंकपद्धती मांडली. आपण १० अंक वापरतो, कारण माणसाच्या हातांना १० बोटे आहेत. पण अंक केवळ दोनच ठेवले तर? एक आणि शून्य, इतकेच. दशमान पद्धतीत उजवीकडून डावीकडे जाताना प्रत्येक घराची किंमत दसपट होते : १, १०, १००, १०००. लायब्निट्सच्या पद्धतीत ती दुप्पट होते : १, २, ४, ८, १६. म्हणून दोन ही संख्या येथे १० अशी लिहावयाची, चार १०० अशी आणि आठ १००० अशी. तेरा म्हणजे आठ अधिक चार अधिक एक. म्हणून तेरा लिहावयाचे ११०१. या पद्धतीला द्विमान पद्धती म्हणतात.

त्याच टिपणात त्याने या पद्धतीने चालणाऱ्या यंत्राचीही कल्पना मांडली आहे. एका पेटीच्या तळाशी ओळीने छिद्रे असावीत आणि ती उघडता-मिटता यावीत. जेथे एक असेल तेथे छिद्र उघडे, जेथे शून्य असेल तेथे बंद. उघड्या छिद्रांतून गोट्या खालच्या खोबणीत पडाव्यात आणि त्यांवरून हिशेब व्हावा. हे यंत्र त्याने प्रत्यक्ष बनविले नाही. नेहमीच्या यंत्रानेच त्याची पुरती दमछाक केली होती!

या पद्धतीची खरी गंमत पुढेच आहे. १, २, ४, ८, १६, ३२ अशा, एकापासून आरंभ करून पुनःपुन्हा दुप्पट करीत गेल्याने मिळणाऱ्या संख्यांना दोनचे घात म्हणतात. आता ४०९६ ही संख्या दोनचा घात आहे काय, असे कोणी विचारले तर आपण काय करू? निम्मे करू : २०४८, पुन्हा निम्मे : १०२४, असे १२ वेळा निम्मे केल्यावर एक उरेल आणि उत्तर ‘होय’ येईल. ६१४४ या संख्येचे काय? तिचेही निम्मे ३०७२, त्याचे १५३६, त्याचे ७६८. सारे कसे सुरळीत चालले आहे असे वाटते. ११ वेळा निम्मे केल्यावर मात्र हाती तीन उरतात आणि तिनाचे सारखे दोन भाग होत नाहीत. इतकी खटपट केल्यावर कळते की, ही संख्या दोनचा घात नव्हे.

द्विमान पद्धतीत हीच गोष्ट पाहताक्षणी कळते. ४०९६ तेथे लिहितात ते एकावर १२ शून्ये देऊन. ६१४४ लिहिताना मात्र आरंभी दोन एक येतात आणि त्यांच्या पुढे ११ शून्ये. ज्या संख्येत एक हा अंक एकदाच येतो आणि बाकी सारी शून्ये, ती दोनचा घात. आकडेमोड नाही, भागाकार नाही, नुसते पाहावयाचे. संख्या तीच, पण लिहिण्याची तऱ्हा बदलताच तिचा स्वभाव उघडा पडला. लायब्निट्सला या पद्धतीचे अप्रूप वाटे ते यासाठीच. बाजारहाटासाठी लोकांनी दशमान पद्धती सोडावी, असे त्याने कधीच म्हटले नाही. संख्यांच्या अंगचे गुण पारखण्यासाठी ही पद्धती हवी, असे त्याचे मत होते.

त्याने याचे एक व्यवहारातील उदाहरणही दिले आहे. सोन्याचांदीचा कस पाहणाऱ्यांना थोड्या वजनांत पुष्कळ तऱ्हेची तोलणी करावी लागतात. एक, दोन, चार आणि आठ तोळ्यांची एकेकच वजने जवळ असली तर एकापासून १५ तोळ्यांपर्यंत कोणताही पूर्ण तोळ्यांचा माल तोलता येतो. तेरा तोळ्यांसाठी आठ, चार आणि एक अशी तीन वजने पारड्यात टाकावी लागतील. द्विमान पद्धतीत तेरा लिहिताना तीन वेळा एक येतो तो उगाच नव्हे. आणि जो माल एकाच वजनात तोलला जाईल, त्याचे तोळे दोनचा घातच असले पाहिजेत.

मराठी कवितेची वृत्ते शिकताना तुम्हांला गण भेटतात, तेथेही हाच हिशेब आहे. अक्षर लघू किंवा गुरू, म्हणजे प्रकार दोन; गणात अक्षरे तीन; म्हणून गण आठ. दोन, दोन आणि दोन यांचा हा गुणाकार. आपल्याकडील पिंगलाच्या छंदःशास्त्राने लघु-गुरूंची अशी मोजणी लायब्निट्सच्या कितीतरी शतके आधी केली होती.

जानेवारी १६९७ मध्ये लायब्निट्सने ब्रुन्सविकचा ड्यूक रुडोल्फ ऑगस्ट याला नववर्षाच्या शुभेच्छांचे पत्र पाठविले. त्यात या पद्धतीवर एक पदक काढावे अशी सूचना होती. त्याच्या मते एक म्हणजे ईश्वर आणि शून्य म्हणजे अभाव. या दोहोंतून सारी सृष्टी निर्माण झाली, तशाच एक आणि शून्य यांतून सर्व संख्या निर्माण होतात. गणितात असे धर्मविचार मिसळलेले आज आपणांस चमत्कारिक वाटतील. त्याला मात्र विश्वाची रचनाच गणिती आहे, असे मनोमन वाटत होते.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीला त्याने १७०१ मध्ये या विषयावर निबंध पाठविला. अकादमीचा सचिव फोंतनेल याने तो आदराने वाचला. पण याचा उपयोग काय, ही त्याची शंका फिटेना. तेव्हा निबंध तूर्त छापू नये, असे लायब्निट्सनेच कळविले. दोन वर्षांनी चीनमधील बूव्हे नावाच्या धर्मोपदेशकाचे पत्र त्याच्या हाती पडले. त्यासोबत यी चिंग या प्राचीन चिनी ग्रंथातील ६४ आकृत्यांचा तक्ता होता. प्रत्येक आकृतीत सहा रेघा, काही अखंड तर काही मधोमध तुटलेल्या. तुटलेली रेघ म्हणजे शून्य आणि अखंड म्हणजे एक असे धरले तर त्या तक्त्यात ० ते ६३ या संख्या क्रमाने येत होत्या. लायब्निट्सच्या आनंदाला पारावार राहिला नाही. त्याने लगोलग नवा निबंध पाठविला आणि तो अकादमीच्या १७०३ च्या ग्रंथात समाविष्ट झाला. प्राचीन चिनी लोकांना ही अंकपद्धती ठाऊक होती, असे त्याने त्यात मांडले. येथे त्याचा उत्साह पुराव्याच्या पुढे धावला. आकृत्यांचा तो क्रम ११ व्या शतकातील शाओ युंग या विद्वानाच्या नावाने ओळखला जातो, आणि त्या आकृत्यांनी चिनी लोक आकडेमोड करीत असत, असे विद्वान मानीत नाहीत.

लायब्निट्सची अखेरची वर्षे उदास गेली. १७०० मध्ये बर्लिनची विज्ञानसंस्था स्थापन झाली ती त्याच्या खटपटीने, आणि तिचा पहिला अध्यक्षही तोच होता. तथापि रॉयल सोसायटीने १७१२ मध्ये कलनशास्त्राच्या वादाचा निकाल न्यूटनच्या बाजूने दिला. त्या वेळी न्यूटनच तिचा अध्यक्ष होता! १७१४ मध्ये हॅनोव्हरचा अधिपती इंग्लंडचा राजा झाला. सारा दरबार लंडनला निघाला. लायब्निट्सला मात्र राजघराण्याचा अपुरा इतिहास पुरा होईपर्यंत मागे राहण्याची आज्ञा झाली. तो इतिहास पुरा झाला नाही. १४ नोव्हेंबर १७१६ रोजी हॅनोव्हर येथे त्याने देह ठेवला. अंत्ययात्रेला दरबारातील कोणी आले नाही. त्याचा चिटणीस एकहार्ट तेवढा शेवटपर्यंत सोबत होता. जवळजवळ ५० वर्षे त्याच्या थडग्यावर नावही नव्हते. लंडनची संस्था गप्प राहिली, बर्लिनचीही गप्प राहिली. पुढील वर्षी पॅरिसच्या अकादमीत त्याच्या गौरवाचे भाषण झाले. ते केले फोंतनेलने.

द्विमान पद्धतीच्या उपयोगाच्या प्रश्नाला उत्तर मिळाले ते २० व्या शतकात. संगणकातील विजेच्या यंत्रणेला दहा स्थितींपेक्षा दोनच स्थिती सांभाळणे फार सोपे जाते. म्हणून संगणक सर्व संख्या एक आणि शून्य यांतच लिहितो. त्याला दोनच्या घाताची परीक्षा पुनःपुन्हा करावी लागते. परंतु त्याला आपल्यासारखे डोळे नाहीत. ‘नुसते पाहा’ म्हणून भागत नाही. त्यासाठी एक सुरेख युक्ती आहे. संख्येतून एक वजा करावयाचा आणि मूळ संख्या व वजाबाकी एकाखाली एक ठेवावयाची. आठ म्हणजे १०००. एक वजा केला की ०१११. कोणत्याही घरात वर आणि खाली दोन्हीकडे एक येत नाही. म्हणून आठ हा दोनचा घात. आता बारा घ्या : ११००. एक वजा केला की १०११. डावीकडील पहिल्या घरात वर एक आणि खालीही एक. म्हणून बारा हा दोनचा घात नव्हे.

असे का होते? एक वजा करताना उजवीकडील शून्यांतून तो वजा होत नाही, म्हणून हातचा मागत मागत डावीकडे जावे लागते. वाटेत जो पहिला एक भेटेल तो शून्य होतो आणि त्याच्या उजवीकडील सारी शून्ये एक होतात. त्याच्या डावीकडे मात्र काहीच बदलत नाही. तेथे आणखी एखादा एक असेल तर तो खाली जसाच्या तसा उतरतो आणि पकडला जातो. शून्य ही संख्या तेवढी आधीच बाजूला काढावी लागते. तिच्यात एकही एक नाही, म्हणून ती फसवून परीक्षेत उत्तीर्ण होते, पण ती दोनचा घात नव्हे. एक वजाबाकी आणि एक तुलना, एवढ्यात निकाल. बारा वेळा निम्मे करण्याचे कारणच उरत नाही.

हातच्यापाशी अडखळणारे लायब्निट्सचे ते पितळी यंत्र मध्यंतरी नाहीसे झाले होते. १८७९ मध्ये गटिंगेन येथे विद्यापीठाच्या एका इमारतीच्या माळ्यावर ते धूळ खात पडलेले सापडले. आज ते हॅनोव्हरच्या ग्रंथालयात आहे. गोट्यांच्या यंत्राचे ते १६७९ चे टिपण आणि त्याच्या पत्रव्यवहारातील सुमारे १५,००० पत्रे तेथेच जपून ठेवली आहेत.