अराइ काम्पो आणि अजिंठ्याच्या प्रतिकृती

फुले आणि पक्षी यांच्या चित्रणाला जपानी परंपरेत ‘काचो-गा’ अशी स्वतंत्र संज्ञा आहे. तीत फूल केवळ शोभेसाठी येत नाही. ते ऋतू सांगते. उमे वृक्षाचा बहर वसंताची चाहूल देतो, कमळ ग्रीष्म सुचविते, तर रानहंसांची रांग शरदाची सूचक ठरते. या कलेचे पाठ जुन्या आचार्यांच्या चित्रांच्या प्रतिकृती करूनच गिरविले जात. अराइ काम्पो यांचे आयुष्य या साधनेत गेले.

१८७८ मध्ये तोचिगी प्रांतातील उजिइए येथे जन्मलेल्या काम्पोंनी टोकियोत मिझुनो तोशिकाता यांच्याकडे शिक्षण घेतले. पुढे, ओकाकुरा यांच्या पुढाकाराने १८८९ मध्ये निघालेल्या ‘कोक्का’ या कलानियतकालिकासाठी ते प्राचीन चित्रांच्या प्रतिकृती करू लागले. १९१६ मध्ये योकोहामा येथे रवींद्रनाथ ठाकुरांना शिमोमुरा कान्झान यांचे ‘योरोबोशी’ हे पडद्यावरील चित्र विशेष भावले. बहरलेल्या उमे वृक्षाखाली, मावळत्या सूर्यासमोर हात जोडून उभा असलेला अंध तरुण, हा त्याचा विषय. काम्पोंनी त्याची प्रतिकृती केली आणि रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून त्याच वर्षाच्या अखेरीस ते कलकत्त्यास आले. तेथे ‘विचित्रा’ या कलाकेंद्रात त्यांनी अध्यापन केले. नंदलाल बसूंशी त्यांचा स्नेह जुळला.

१९१७-१८ च्या हिवाळ्यात काम्पो जपानी सहकाऱ्यांसह अजिंठ्यास गेले. तेथील पहिल्या व दुसऱ्या लेण्यांच्या छतांवर कमळे, फळे आणि पक्षी आहेत; दुसऱ्या लेण्यात हंसांची एक लांब माळच आहे. काचो-गाच्या परंपरेतून आलेल्या चित्रकाराला ही सृष्टी परकी वाटण्याचे कारण नव्हते. मात्र येथील कमळ एका ऋतूचे नव्हे; ते सदैव फुललेले आहे.

अजिंठ्याच्या प्रतिकृतींना आगीचा जणू शापच होता. रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनजवळ जळाल्या. ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकरवी करविलेल्यांपैकी अनेक १८८५ च्या आगीत गेल्या. काम्पो व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रतिकृती टोकियोच्या विद्यापीठात होत्या. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत त्याही नष्ट झाल्या.

१९४० मध्ये होर्युजी मंदिरातील भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींचे कार्य सुरू झाले, तेव्हा एका गटाची धुरा काम्पोंकडे आली. अजिंठ्याशी ज्यांचे नाते अभ्यासक जोडतात, तीच ही चित्रे. ते कार्य पुरे होण्यापूर्वीच, १९४५ मध्ये, काम्पोंचे निधन झाले. १९४९ मध्ये होर्युजीची मूळ चित्रे आगीत होरपळली. त्यांच्या पूर्वरूपाला छायाचित्रांचा आणि अशा प्रतिकृतींचाच आधार उरला. अजिंठ्यात प्रतिकृती गेल्या व मूळ टिकले. होर्युजीत मूळ गेले आणि प्रतिकृती साक्षीला राहिल्या.