जनरल अँडर्स : वनवासी सैन्याचा सेनानी

इटलीतील मॉन्टे कॅसिनो या डोंगराच्या कुशीत पोलिश सैनिकांचे एक स्मशानस्थळ आहे. १९४४ सालच्या मे महिन्यात तेथे धारातीर्थी पडलेल्या हजाराहून अधिक वीरांच्या समाध्या या ठिकाणी रांगेने उभ्या आहेत. त्यांच्यात एक समाधी मात्र अशा माणसाची आहे की, जो त्या रणात पडला नाही. युद्धानंतर पाव शतकाने लंडनमध्ये त्याने देह ठेवला आणि त्याच्या अंतिम इच्छेनुसार त्याला येथे आणून त्याच्या सैनिकांच्या सोबतीत चिरविश्रांती देण्यात आली. स्वदेशाची माती त्याला मृत्यूनंतरही लाभली नाही. जनरल व्लाडिस्लाव अँडर्स हे त्याचे नाव.

अँडर्स यांचा जन्म ११ ऑगस्ट १८९२ रोजी झाला, तेव्हा पोलंड नावाचे राष्ट्र नकाशावर नव्हते. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन सत्तांनी त्याची वाटणी करून शतक लोटले होते. रीगा येथील तंत्रविद्यालयात शिकलेला हा तरुण पहिल्या महायुद्धात झारच्या घोडदळात लढला आणि अनेकदा जखमी झाला. १९१८ मध्ये पोलंडचा पुनर्जन्म होताच त्याची तलवार स्वराष्ट्राच्या सेवेस रुजू झाली. बोल्शेविकांविरुद्धच्या युद्धात पोझनानच्या १५ व्या घोडदळ पलटणीचे नेतृत्व त्यांनी केले. १९२६ साली मार्शल पिल्सुडस्की यांनी बळाने सत्ता हस्तगत केली, तेव्हा अँडर्स कायदेशीर सरकारच्या बाजूने उभे राहिले. विजेत्याच्या पक्षात जाण्याची सोय न पाहण्याचा हा स्वभाव त्यांना पुढे जन्मभर महागात पडला, आणि त्यातच त्यांचे मोठेपणही होते.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने आणि १७ सप्टेंबर रोजी सोव्हिएत रशियाने पोलंडवर आक्रमण केले. घोडदळाच्या एका ब्रिगेडचे अधिपती असलेले अँडर्स दोन्ही शत्रूंशी झुंजत दक्षिणेकडे सरकत असता जखमी होऊन रशियनांच्या हाती सापडले. ल्वुव येथील तुरुंग आणि नंतर मॉस्कोतील कुप्रसिद्ध लुब्यान्का कारागृह यांत त्यांची सुमारे दोन वर्षे गेली. याच काळात पूर्व पोलंडमधील लक्षावधी स्त्री-पुरुष व मुले मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि मध्य आशियाकडे रवाना केली जात होती.

जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर चाल केली आणि दैवाचे फासे उलटे पडले. कालचे कैदी आजचे मित्र ठरले. पोलंडचे लंडनस्थित पंतप्रधान जनरल सिकोर्स्की आणि सोव्हिएत सरकार यांच्यात ३० जुलै रोजी करार झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत अँडर्स यांची सुटका होऊन रशियाच्या भूमीवर उभारावयाच्या पोलिश सैन्याचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. श्रमछावण्यांतून सुटलेली माणसे हजारो मैलांचा प्रवास करून या सैन्याच्या तळांवर येऊ लागली. अंगावर चिंध्या, पायांत बूट नाहीत, टायफसने पोखरलेली शरीरे आणि मागे बायकामुलांचे लेंढार, असे ते सैन्य होते.

परंतु हजारो अधिकारी आलेच नाहीत. डिसेंबर १९४१ मध्ये सिकोर्स्की आणि अँडर्स यांनी क्रेमलिनमध्ये खुद्द स्टालिनकडे त्यांची चौकशी केली. ते मांचुरियात पळून गेले असावेत, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. वास्तविक १९४० च्या वसंत ऋतूतच कॅटिनच्या अरण्यात व अन्यत्र सुमारे बावीस हजार पोलिश बंदिवानांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या. एप्रिल १९४३ मध्ये ती सामूहिक दफने उघडकीस आली. सोव्हिएत सरकारने या कृत्याची कबुली दिली ती १९९० साली.

या सैन्याची एकेक डिव्हिजन तयार होईल तशी आघाडीवर पाठवावी, असा सोव्हिएत आग्रह होता. अर्धपोटी आणि अपुऱ्या शस्त्रांनिशी सैनिकांना मृत्यूच्या खाईत लोटण्यास अँडर्स यांनी नकार दिला. १९४२ मध्ये सैन्य सत्तर हजारांवर गेले असता शिधा त्याहून पुष्कळ कमी करण्यात आला. जवान आपल्या वाट्याचा घास स्त्रियांना व मुलांना देत होते. सैन्याचा काही भाग रशियातच राहावा, असे सिकोर्स्की यांचे मत होते. अँडर्स यांनी मात्र सर्वांनाच बाहेर काढण्याचा हट्ट धरला. मार्च-एप्रिल आणि ऑगस्ट १९४२ या दोन खेपांत कास्पियन समुद्र ओलांडून सुमारे १,१५,००० माणसे इराणच्या पहलवी बंदरात उतरली. त्यांत सदतीस हजारांच्या आसपास सैनिकेतर लोक होते. कित्येकांनी त्या किनाऱ्यावरच प्राण सोडले. लाखो देशबांधव मागे राहिले, याचा दोषही अँडर्स यांना देण्यात आला. तो निराधार म्हणता येणार नाही. पण जे वाचले ते त्यांच्या हट्टामुळे वाचले, हेही तितकेच खरे.

या निर्वासितांचा एक प्रवाह हिंदुस्थानात आला. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे अनाथ मुलांना आसरा दिला. कोल्हापूरनजीक वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोकांची वसाहत होती. त्यांत मुख्यतः स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. त्यांच्यापैकी अनेकींचे पती, पुत्र आणि बंधू अँडर्स यांच्या सैन्यात होते. पंचगंगेच्या परिसरातील त्या बराकींतून इटलीच्या पत्राची वाट पाहिली जात होती.

मध्यपूर्वेत हे सैन्य दुसरी पोलिश कोअर म्हणून नव्याने बांधले गेले. पॅलेस्टाइनमध्ये सुमारे तीन हजार ज्यू सैनिक दल सोडून तेथेच राहिले. अँडर्स यांनी त्यांचा पाठलाग केला नाही.

मार्च १९४४ मध्ये ब्रिटिश आठव्या सैन्याचे प्रमुख जनरल लीझ यांनी मॉन्टे कॅसिनो जिंकण्याची कामगिरी अँडर्स यांना देऊ केली आणि विचारास दहा मिनिटे दिली. अमेरिकन, ब्रिटिश, न्यूझीलंडचे आणि चौथ्या हिंदी डिव्हिजनचे जवान त्या डोंगरावर रक्त सांडून माघारी फिरले होते. पोलिश लोक लढू इच्छित नाहीत, हा सोव्हिएत प्रचार एका घावात खोटा पडेल, हे जाणून अँडर्स यांनी होकार दिला. वरिष्ठांना न विचारता दिलेल्या या होकाराबद्दल पोलिश सरसेनापती सोस्नकोव्स्की रुष्ट झाले. ११ मेच्या रात्री सुरू झालेला पहिला हल्ला प्रचंड हानी होऊन परतवला गेला. १७ मे रोजी दुसरा हल्ला झाला आणि १८ मेच्या सकाळी मठाच्या भग्नावशेषांवर पोलिश निशाण फडकले. नऊशेहून अधिक जवान त्यात कामी आले. जुलैमध्ये याच सैन्याने अँकोना बंदर घेतले.

खरी कसोटी पुढेच होती. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे तीन महासत्तांनी पोलंडचा पूर्व भाग रशियाला देण्याचे ठरवले. अँडर्स यांच्या बहुसंख्य सैनिकांची घरे त्याच भागात होती. ज्या गावासाठी लढायचे ते गाव दूरच्या मेजावरील एका रेघेने परक्याचे झाले होते. सैन्य आघाडीवरून मागे घेण्याचा विचार अँडर्स यांनी केला व मित्रराष्ट्रांना तसे बजावलेही. परंतु त्यांची जागा घेण्यास दुसरे सैन्य नव्हते आणि शेजारी लढणाऱ्यांना उघडे पाडणे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते. संताप गिळून ते लढत राहिले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर अखेरचा मोठा हल्ला झाला. त्याच दिवशी, त्याच नदीवर मराठा पलटणीचे नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ज्या बेळगावात मराठा पलटणीचे केंद्र आहे, तेथील वाचकांना ही आघाडी परकी वाटू नये. २१ एप्रिल रोजी पोलिश सैन्याने बोलोन्या मुक्त केले.

जून १९४६ मध्ये लंडनला विजयसंचलन झाले, तेव्हा मॉन्टे कॅसिनोचे हे विजेते त्यात नव्हते. वॉर्सातील नव्या साम्यवादी सरकारने त्याच वर्षी अँडर्स यांचे नागरिकत्व हिरावून घेतले. लाखाहून अधिक पोलिश सैनिक व त्यांचे आप्त ब्रिटनमध्ये स्थायिक झाले. अँडर्स त्यांचे आधारस्तंभ बनले. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींच्या ग्रंथाला त्यांनी शेवटच्या प्रकरणाविना असे नाव दिले. ते प्रकरण स्वतंत्र पोलंडच लिहील, ही त्यांची श्रद्धा होती.

१२ मे १९७० रोजी, कॅसिनोच्या पहिल्या हल्ल्याच्या स्मृतिदिनीच, त्यांचे निधन झाले. १९८९ मध्ये पोलंडमधील साम्यवादी राजवट कोसळली आणि त्यांचे नागरिकत्व मरणोत्तर परत देण्यात आले. राहिलेले प्रकरण अशा रीतीने लिहिले गेले. ते वाचण्यास लेखक मात्र उरला नव्हता.