कृपासदनाचे दार

कळंब्याच्या कारागृहाचे दार शिक्षा संपली की उघडते. गावातील दारे सहसा उघडत नाहीत, आणि सुटून आलेली व्यक्ती स्त्री असली तर बहुधा नाहीतच. हे कोल्हापूरकरांस सांगावयास नको. अशा स्त्रीने जावे कोठे, या प्रश्नाला पंडिता रमाबाईंनी कृतीने उत्तर दिले होते.

१८५८ साली जन्मलेल्या या विदुषीला कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती ही पदवी दिली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडात गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनी पतित ठरलेल्या स्त्रियांची शुश्रूषा करीत असलेल्या त्यांनी पाहिल्या. आपल्याकडे अशा स्त्रीला उंबऱ्याबाहेर काढीत. शोमरोनी स्त्रीशी येशू कसा वागला, ती कथा तेथेच त्यांच्या मनात ठसली आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात शारदासदनावरून १८९३ साली उठलेले वादळ सर्वश्रुत आहे. त्यात कोणत्याही एका पक्षाकडेच सारे शहाणपण होते, असे आम्हांस वाटत नाही.

पुढे केडगावी मुक्तिसदनाच्या जोडीला त्यांनी टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन काढले. तेथली क्षमा तोंडची नव्हती. आलेलीला आधी भाकरी, मग अक्षरओळख, मग हाताला काम. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवीत त्या स्त्रियाच. रमाबाईंनी मराठीत आणलेले बायबल त्यांच्याच हातून छापले गेले. त्याची मुद्रिते रमाबाई अखेरच्या दिवसांपर्यंत तपासीत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या.