नानांची गीता

बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यास झाला. हेच पुढे नाना फडणवीस या नावाने हिंदुस्थानभर प्रसिद्ध झाले. पेशव्यांच्या दौलतीचा जमाखर्च ठेवण्याचे काम त्यांच्या घराण्याकडे होते. १७६१ साली पानिपतच्या रणातून तरुण नाना कसेबसे परतले. त्यांच्या मातोश्री मात्र त्या प्रलयात कायमच्या अंतरल्या. पुढे बालपेशवा सवाई माधवराव याच्या नावाने त्यांनी राज्याचा गाडा मोठ्या चातुर्याने हाकला. वाईजवळ मेणवली येथे कृष्णेच्या काठी त्यांनी वाडा व घाट बांधला. त्या वाड्यात जपलेले कागद पुढे इतिहासकारांना फार उपयोगी पडले.

लेखणीच्या या धन्याला आणखी एक ध्यास लागला होता. त्या काळी पोथ्या हातानेच लिहीत. बोरूने काढलेली ती ठसठशीत, वाटोळी अक्षरे दिसावयास सुंदर. पण गीतेचे सातशे श्लोक प्रत्येक प्रतीसाठी नव्याने लिहावे लागत. एकाची चूक दुसऱ्याच्या पोथीत उतरे. गीता छापून काढावी, असे नानांच्या मनाने घेतले. पुणे दरबारी इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट राहत असे. त्याच्या साहाय्याने एका तांबटाला अक्षरे कोरण्याची विद्या शिकविण्यात आली.

काम मोठे चिकाटीचे होते. कागदावर अक्षर सुलटे उमटावे, म्हणून तांब्याच्या पत्र्यावर ते उलटे कोरावे लागे. काना, मात्रा, वेलांटी, सारेच उलटे! शाईने लिहिलेले खोडता येते; तांब्यावर चुकलेला घाव सहजासहजी पुसता येत नाही.

इतक्यात काळ फिरला. १७९७ साली मॅलेट पुण्याहून गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनी नानांना कैद केले. पुढे त्यांची सुटका झाली, परंतु १३ मार्च १८०० रोजी त्यांनी देह ठेवला. गीता अपुरीच राहिली.

मिरजेचे अधिपती गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांनी हे काम वाया जाऊ दिले नाही. त्यांनी त्या कारागिरास मिरजेस आणून आश्रय दिला आणि १८०५ साली गीता छापून पुरी झाली. त्याच वर्षी बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण सुट्या खिळ्यांनी छापले गेले. खिळे सोडवून पुन्हा जुळविता येतात. कोरलेला पत्रा मात्र एकाच पानाच्या कामी येतो. म्हणून पुढे खिळ्यांचीच रीत रूढ झाली. तरीही मिरजेची गीता हे महाराष्ट्रात देवनागरी लिपीत छापलेले पहिले पुस्तक मानले जाते.

फळाची आशा न धरता कर्म करावे, असे गीता शिकविते. ती गीता छापण्यासाठी झटलेल्या नानांना तिचे छापील पान पाहावयास मिळाले नाही. मेणवलीचा घाट धुऊन निघालेली कृष्णा पुढे मिरजेजवळून वाहत जाते. नानांचा संकल्पही तसाच तेथवर जाऊन पोहोचला.