आल्फ्रेड बिने : बुद्धीच्या मोजपट्टीचा सावध कर्ता

बुद्धिमापनाचा विषय निघाला की आल्फ्रेड बिने हे नाव प्रथम येते. अध्यापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते पाठ असते. पण त्यामागच्या माणसाची ओळख सहसा नसते. ती करून घेणे अगत्याचे आहे, कारण बिनेने केलेली कसोटी आणि त्याच्या नावावर पुढे चाललेली कसोटी यांत फार अंतर पडले.

बिनेचा जन्म 1857 साली फ्रान्समधील नीस येथे झाला. वडील डॉक्टर, आई चित्रकार. त्यांची फारकत झाल्यावर आईने मुलाला पॅरिसला शिकविले. 1878 मध्ये त्याने कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. वैद्यकाचा अभ्यासही अर्ध्यावर सोडला. मानसशास्त्राची गोडी त्याला लागली ती राष्ट्रीय ग्रंथालयात बसून केलेल्या वाचनाने.

पुढे साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को या ख्यातनाम डॉक्टरांच्या हाताखाली तो संमोहनाचे प्रयोग करू लागला. लोहचुंबक फिरविला की संमोहित रुग्णाची लक्षणे शरीराच्या एका बाजूकडून दुसरीकडे जातात, असे त्याने व सहकारी फेरे यांनी प्रसिद्ध केले. बेल्जियमचे देल्बफ यांनी दाखवून दिले की ही करामत चुंबकाची नसून रुग्णाला नकळत मिळणाऱ्या सूचनेची आहे. बिनेला चूक मान्य करावी लागली. ऐन उमेदीत बसलेला हा तडाखा त्याला जन्मभर पुरला.

1891 पासून तो सॉरबॉनच्या प्रयोगशाळेत बिनपगारी काम करू लागला आणि 1894 मध्ये तिचा संचालक झाला. घरी माद्‌लेन व आलीस या आपल्या दोन लहान मुलींचे निरीक्षण चालूच होते. दोघी एकाच घरात वाढलेल्या, पण विचार करण्याची रीत अगदी निराळी. त्या काळी डोक्याच्या आकारावरून बुद्धी ठरवीत. बिनेनेही शाळांत जाऊन हुशार आणि मागे पडलेल्या मुलांची डोकी मोजली. फरक अगदीच नगण्य निघाला. शिवाय मोजणाऱ्याच्या मनातील अपेक्षा आकड्यांत उतरते, अशी शंका त्याला स्वतःविषयीच आली. त्याने ती पद्धत सोडून दिली.

फ्रान्समध्ये 1882 च्या कायद्याने शिक्षण सक्तीचे झाले आणि सर्व थरांतील मुले वर्गात आली. ज्यांना नेहमीचा अभ्यास झेपत नाही, त्यांचे काय करावे, हे ठरविण्यासाठी सरकारने 1904 मध्ये एक समिती नेमली; बिने तिचा सभासद होता. मूल मंद आहे की नुसते दुर्लक्षित, हे केवळ शिक्षकाच्या मतावर सोडणे त्याला धोक्याचे वाटले. म्हणून 1905 मध्ये त्याने तेओदोर सिमाँ या तरुण डॉक्टराच्या मदतीने 30 प्रश्नांची श्रेणी तयार केली. पेटती काडी नजरेने टिपणे, ऐकलेले आकडे पुन्हा म्हणणे, दोन वजनांत जड कोणते ते सांगणे, अशी ती सोप्याकडून अवघडाकडे जाणारी कामे होती. 1908 मध्ये प्रश्नांची वयानुसार मांडणी झाली आणि मुलाची मानसिक पातळी वर्षांत सांगता येऊ लागली.

मात्र ही पातळी म्हणजे जन्माची खूण नव्हे, असे बिनेचे ठाम मत होते. बुद्धी ठरीव असते व तिच्यात वाढ होत नाही, या समजावर त्याने 1909 च्या आपल्या ग्रंथात कडक टीका केली. मागे पडलेल्या मुलांसाठी त्याने लहान वर्गांचा आग्रह धरला आणि अवधान वाढविणारे खेळ सुचविले. पुतळ्यासारखे निश्चल उभे राहणे हा त्यांपैकीच एक. कसोटी घ्यायची ती मुलाला कोठून शिकवावयास लागावे हे कळण्यासाठी.

1911 साली, वयाच्या 54 व्या वर्षी, बिने वारला. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली. अमेरिकेत गॉडर्ड व टर्मन यांनी कसोटी उचलली, पण बुद्धी आनुवंशिक व अचल असते या गृहीतासह. पहिल्या महायुद्धात तेथील 17 लाखांहून अधिक सैनिकांची अशा धर्तीच्या सामुदायिक चाचण्यांनी प्रतवारी झाली. वर्गातले साधन शिक्का बनले.

आपल्या भागाशीही या कसोटीचा संबंध आहे. डॉ. वि. वि. कामत यांनी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी तिचे रूपांतर केले. त्यावरील लेख 1934 मध्ये व ग्रंथ 1940 मध्ये प्रसिद्ध झाला. पॅरिसच्या मुलाचे प्रश्न येथील मुलाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे ध्यानी घेऊनच ते काम झाले.

उद्या आपल्यापैकी अनेकजण शिक्षक होतील आणि दुसऱ्यांच्या मुलांपुढे गुणांचे आकडे लिहितील. आपण मांडलेल्या आकड्यावर सर्वांत आधी आपणच संशय घ्यावा, हे बिने चुका करीत शिकला. त्याची कसोटी पुष्कळांनी घेतली. ही सवय मात्र थोड्यांनीच उचलली.